गोसेच्या पाण्यात कोणते इंजिन?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जहाजांच्या इंजिनांवर लेख आला होता. डिझेल, गॅस, मिथेनॉल, बॅटरी यांच्या किमती आणि धूर शेजारी शेजारी मांडणारा तक्ताही सोबत होता. लेख मी दोनदा वाचला आणि रात्री अंथरुणावर पडल्यावरही तो तक्ता डोक्यातून जाईना. त्यात इंजिनाची खरेदीची किंमत होती आणि धुराड्यातून निघणारा धूर होता. मी ३१ वर्षे जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली. खर्च खरेदीवर संपत नाही आणि घाण धुराड्यापाशी सुरू होत नाही, हे मी माझ्या हातांनी अनुभवले आहे. म्हणून हे पत्र. थोडे लांबेल.

माझे गाव पवनी तालुक्यात. गच्चीवर उभे राहिले की गोसेखुर्द धरणाचे पाणी दिसते. आयटीआयला फिटर ट्रेड केला आणि १९८७ मध्ये जहाजावर लागलो. तेव्हा इंजिनरूममध्ये आगवाला, तेलवाला, सारंग ही जुनी नावे चालत, मी तेलवाला म्हणून चढलो. बाकी खलाशी रत्नागिरी, रायगडकडचे. भंडाऱ्याचा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. २०१८ मध्ये फिटर म्हणून उतरलो. आता तीन एकर धान आहे.

आपल्या भागातल्या वाचकाला जहाजाचे इंजिन सांगायचे तर नाल्यावर लावतो त्या डिझेल इंजिनापासून सुरुवात करावी लागेल. ते पाच हॉर्सपॉवरचे इंजिन डिझेलमधली साधारण पाव हिस्सा उष्णता कामाला लावते, उरलेली धुरात आणि पाण्यात जाते. जहाजाचे मोठे टू-स्ट्रोक इंजिन तीन मजले उंच असते, मिनिटाला शंभरएक फेरे घेते, मध्ये गिअर नसतो आणि पाणी मागे ढकलणारा पंखा थेट शाफ्टवर फिरतो. ते निम्मी उष्णता कामाला लावते. इतके काटकसरी इंजिन तुमच्या ट्रकमध्ये नाही की आगगाडीत नाही. एक टन माल एक किलोमीटर न्यायला मोठे जहाज काही ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते. ट्रकचा आकडा त्याच्या दहा पटींहून जास्त आहे. जहाजांना नुसती नावे ठेवणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे.

पण हे इंजिन पिते काय? रिफायनरीत पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर तळाशी जो गाळ उरतो, ते जड तेल. थंड झाले की डांबर. पंपाने ओढता यावे म्हणून टाकीतही ते गरम ठेवावे लागते आणि इंजिनात जाण्यापूर्वी १३० अंशांपर्यंत तापवावे लागते. प्युरिफायर नावाच्या यंत्रात ते घुसळून त्यातले पाणी आणि माती बाहेर काढतात. ७०,००० टनांच्या आमच्या जहाजाला दिवसाला ३० ते ३५ टन तेल लागे आणि त्यातून रोज चार-पाचशे किलो काळा चिखल निघे. स्लज म्हणतात त्याला. तुमच्या तक्त्यात तो कुठेच नव्हता.

गंधकाचे काय ते बघा. २०१९ अखेरपर्यंत जहाजाच्या तेलात ३.५ टक्के गंधक चालत असे. १ जानेवारी २०२० पासून ही मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आली. आपल्या पेट्रोल पंपावरच्या डिझेलला २०२० पासून जो नियम आहे तो दहा लाख भागांत १० भागांचा. हिशेब केला तर जुने जहाजी तेल त्याच्या साडेतीन हजार पट गंधकी होते. उत्तर समुद्रात शिरताना आम्हाला जड तेल बंद करून स्वच्छ डिझेल सुरू करावे लागे, कारण तिथे २०१५ पासून मर्यादा ०.१ टक्का आहे. पातळ तेल आले की जुने फ्यूएल पंप गळायला लागत आणि मी दोन-दोन पाळ्या सील बदलत बसे. त्या डिझेलचा भाव जड तेलाच्या दीड-दोन पट. साहजिकच रेषा ओलांडली की मालकाला पुन्हा जड तेल हवे असे. अनेकांनी धुराड्यात स्क्रबर बसवले. ते समुद्राच्या पाण्याने धूर धुतात आणि तेच आम्लयुक्त पाणी परत समुद्रात सोडतात. धूर कमी झाला, घाण मात्र पाण्यात गेली. सिंगापूरसारख्या बंदरांनी आपल्या हद्दीत ते पाणी सोडायला बंदी घातली, ते उगीच नाही.

आता एक गोष्ट लिहितो, जी मी घरातही फार उशिरा सांगितली. २००१ मध्ये मी एका परदेशी झेंड्याच्या जहाजावर होतो. इंजिनरूमच्या तळाशी तेल मिसळलेले पाणी साचते. ते सेपरेटरमधून गाळून, दहा लाख भागांत १५ भागांहून जास्त तेल उरणार नाही अशा बेताने समुद्रात सोडायचे, हा आंतरराष्ट्रीय कायदा आहे. उरलेला चिखल बंदरात पैसे मोजून उतरवायचा. एका संध्याकाळी मला मोजमाप देऊन दोन फ्लँजचा एक पाइप बनवायला सांगण्यात आले. कशासाठी, हे मी विचारले नाही, कारण मला कळले होते. सेपरेटर टाळून पाणी थेट बाहेर सोडणाऱ्या अशा पाइपाला जहाजावर मॅजिक पाइप म्हणतात. मी तो कापला, वेल्डिंग केले, वर रंगही दिला. पहाटे तीनला डेकवर गेलो तर चंद्राच्या उजेडात जहाजामागे तेलाचा चट्टा लांबवर चमकत होता. बंदरातल्या त्या बिलाचे पैसे वाचले. तो खर्च ज्याच्या अंगावर गेला त्याचे नाव कोणत्याच हिशेबात येणार नव्हते. दोन महिन्यांनी कॉन्ट्रॅक्ट संपले, मी उतरलो आणि त्या कंपनीत परत गेलो नाही. पण पाइप मी बनवला होता. कोणत्याही इंजिनाचा खर्च कोणी मांडला की मी आधी हेच विचारतो, घाणीचे पैसे कोणाच्या खात्यात लिहिले?

तोच प्रश्न तुमच्या तक्त्यातल्या बाकीच्या इंधनांना लावून पाहा.

एलएनजी म्हणजे उणे १६२ अंशांवर द्रव केलेला नैसर्गिक वायू. त्यात गंधक जवळजवळ नाही, काजळी नाही आणि तेवढ्याच कामाला कार्बन डायऑक्साइड साधारण पाव हिस्सा कमी. तक्त्यात त्याला म्हणूनच हिरवा रंग दिला असावा. पण हा वायू म्हणजे मिथेन, आणि इंजिनात तो सगळाच्या सगळा जळत नाही. फोर-स्ट्रोक, कमी दाबाच्या ड्युअल फ्यूएल (गॅस आणि डिझेल दोन्हींवर चालणाऱ्या) इंजिनात सुमारे ३ टक्के न जळता निसटतो. टनामागे ३० किलो. वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट उष्णता धरून ठेवतो. म्हणजे हे ३० किलो सुमारे २.४ टनांच्या बरोबरीचे, आणि टनभर वायू जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड पावणेतीन टन. मोजला जातो जवळपास तेवढाच न मोजलेला बोजा! जास्त दाबाच्या टू-स्ट्रोक इंजिनात ही गळती फारच कमी असते हेही खरे, पण ते इंजिन महाग आणि त्याला वायू दाबणारी जड यंत्रणा लागते. नुसते ‘गॅसचे जहाज’ म्हटल्याने काहीच कळत नाही. कोणते इंजिन, हे विचारावे लागते.

मिथेनॉलवर चालणारे पहिले कंटेनर जहाज, लॉरा मेर्स्क, २०२३ मध्ये पाण्यात आले. मिथेनॉल साध्या टाकीत राहते, थंड करावे लागत नाही. किलोमागे उष्णता मात्र जड तेलाच्या निम्मीच, म्हणून टाकी दुपटीहून मोठी लागते आणि तेवढा माल कमी बसतो. शिवाय आज बाजारातले बहुतेक मिथेनॉल नैसर्गिक वायूपासून किंवा चीनमध्ये कोळशापासून बनते. ते जाळून समुद्रावर धूर कमी दिसेल, कारखान्यात तो आधीच निघालेला असेल. शेतातल्या किंवा शहरातल्या कचऱ्यापासून केलेले मिथेनॉल चांगले, पण महाग आणि थोडे. अमोनिया तर शेतकऱ्याच्या ओळखीचा. युरिया त्यापासूनच बनतो. त्यात कार्बन नाही, पण आजचा अमोनिया बहुतेक नैसर्गिक वायूपासूनच येतो आणि गळाला तर इंजिनरूममधला माणूस वाचणार नाही. अणुशक्तीचे मालवाहू जहाज अमेरिकेने १९६२ मध्ये चालवून पाहिले, सव्हाना नावाचे. खर्च झेपला नाही आणि दहा वर्षांच्या आसपास ते बाजूला झाले.

सगळ्यात स्वस्त उपाय तुमच्या लेखात एका ओळीतही नव्हता, आणि तो मी स्वतः पाहिला. २००८ च्या मंदीनंतर भाडे पडले आणि मालकांनी वेग उतरवायला सांगितला. पाण्यात वेग आणि ताकद यांचे नाते घनाचे आहे. वेग १० टक्के कमी केला तर ताकद २७ टक्के कमी लागते. प्रवास लांबतो, तरी पूर्ण फेरीचे तेल १९ टक्क्यांच्या आसपास वाचते. नवे इंजिन नाही की नवे इंधन नाही. फक्त घाई सोडायची.

आता बॅटरी. आमचे तेच जहाज घ्या. ३३ टन तेलातून दिवसाला शाफ्टवर सुमारे १,८५,००० युनिट काम निघत होते. जहाजावरच्या बॅटरीत एक युनिट साठवायला, पेट्या आणि चौकटीसह, १० किलो वजन धरू. एका दिवसाला १,८५० टन झाले. २० दिवसांच्या प्रवासाला ३७,००० टन, म्हणजे निम्म्याहून जास्त जहाज बॅटरीनेच भरले. तेल त्याच प्रवासाला ६६० टन पुरे. म्हणून महासागर ओलांडणाऱ्या जहाजाला बॅटरी हे आज उत्तर नाही. लेखात मात्र विजेच्या जहाजांची उदाहरणे दिली ती नॉर्वेच्या फेरीबोटीची. २०१५ ची ती ॲम्पिअर बोट जेमतेम सहा किलोमीटर खाडी ओलांडते, दोन्ही काठांवर चार्ज होते आणि नॉर्वेची वीज बहुतेक सगळी धरणांच्या पाण्यावर तयार होते. तिथे ती शोभतेच. अंतर, काठ आणि वीज कुठली, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही.

आणि याच तीन गोष्टी आमच्या गोसेखुर्दला जुळतात. इतका वेळ समुद्राचे लिहिले ते यासाठीच. जलाशयात जलपर्यटनाच्या बोटी येणार, ही चर्चा आमच्या चौकात केव्हाची आहे. त्या कोणत्या इंजिनाच्या असाव्यात यावर मात्र कोणी बोलत नाही.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी आमचे जहाज कोचीत दुरुस्तीला लागले होते. सुटीच्या दिवशी मी बसने वायकोमला गेलो, केरळच्या जलवाहतूक खात्याची ‘आदित्य’ बोट पाहायला. जानेवारी २०१७ पासून वेंबनाड तलावात ती वायकोम ते तवणकडवू अशी चालते. ७५ माणसे, छपरावर २० किलोवॅटची सौर पॅनेल, खाली ५० युनिटची बॅटरी. मी मागच्या बाकावर बसलो. बोट सुटली तरी मला कळले नाही. तीस वर्षे ज्याच्या कानात इंजिन होते त्याला पाणी बाजूला सरल्याचा आवाज ऐकू आला. शेजारची बाई मांडीवर टोपलीभर भाजी घेऊन फोनवर हळू आवाजात बोलत होती. डिझेलच्या बोटीत असे बोलताच येत नाही. मी तिथून तीनदा फेरी मारली.

परत आल्यावर वहीत हिशेब मांडला, तो इथे देतो. ३० माणसांची बोट, १५ किलोवॅट ताकद, दिवसाला ५ तास, वर्षात ३०० दिवस. शाफ्टवर रोज ७५ युनिट लागतील. लहान डिझेल इंजिन लिटरमागे सव्वातीन-साडेतीन युनिट देते, म्हणजे २३ लिटर डिझेल. लिटरला ९२ रुपये धरले तर २,१०० रुपये रोज, वर्षाला सव्वासहा लाखांवर. विजेच्या बोटीला चार्जिंगमधले नुकसान धरून ९४ युनिट, युनिटला १२ रुपये धरले तर रोज ११०० च्या वर थोडे, वर्षाला ३ लाख ४० हजार. दहा वर्षांत इंधनातच २९ लाखांचा फरक पडतो. विजेची बोट घेताना महाग पडते आणि आठ-दहा वर्षांनी बॅटरी बदलावी लागते, ते याच फरकातून वजा करावे लागेल. पण डिझेल इंजिनाचे ऑइल २५० तासांनी बदलतात, १५०० तासांचे वर्षाला सहा वेळा. ते काळे तेल जाईल कुठे? मी पाइप बनवलेला माणूस आहे, मला हा प्रश्न सुटत नाही.

मात्र एक आकडा माझ्या बाजूचा नाही आणि तो लपवणार नाही. २३ लिटर डिझेलमधून साधारण ६२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. आपल्या देशातल्या विजेचा एक युनिट सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास सोडतो, म्हणजे ९४ युनिटचे ६६ किलो. फरक शून्यच म्हणा. आणि ही वीज येते कुठून? तिरोडा, मौदा, कोराडी, चंद्रपूर, सगळी कोळशाची वीजकेंद्रे आपल्याच विदर्भात. बोटीवर धूर दिसणार नाही, तो कोराडीच्या लेकरांच्या छातीत जाईल. म्हणून तारेवरची वीज लावून बोट ‘हिरवी’ म्हणवणे मला मान्य नाही. किनाऱ्यावर २४ किलोवॅटची पॅनेल उभी केली तर आपल्या उन्हात रोज ९४-९५ युनिट सहज निघतात. अडीच हजार चौरस फूट जागा पुरते, म्हणजे पार्किंगचे छप्पर. इथे दर दुसऱ्या शेतात सौर पंप लागला आहे, त्यामुळे पॅनेल दुरुस्त करणारी पोरेही गावात आहेत.

मला सगळ्यात जास्त भीती डिझेलचीही नाही, जुन्या पेट्रोल मशिनींची आहे. मागे लटकवतात ती टू-स्ट्रोक आउटबोर्ड. कार्बोरेटरच्या जुन्या मशिनीत पाव हिस्सा इंधन, तेलासकट, न जळता बाहेर पडते, आणि तिचा धूर पाण्याखाली सुटतो. आमच्याकडचा एक ढिवर मुलगा बापाच्या डोंग्यावर जाळे टाकतो. तो परवा माझ्याकडे आला होता. म्हणाला, “काकाजी, जुनी पेट्रोलची मशीन स्वस्तात भेटते जी. ब्याटरीवाली बोट आमाले कोन देईल?” त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. पर्यटनाचे ठेके मोठे लोक घेतील, ते स्वस्तात स्वस्त मशीन आणतील, आणि तेल ज्या पाण्यावर पसरेल त्यात जाळे याचे असेल. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला येतेच आहे, इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी, वाढतोच आहे. भंडारा शहर वैनगंगेचेच पाणी पिते.

तेव्हा माझी मागणी अशी. गोसेखुर्दमध्ये बोटींचा ठेका निघेल तेव्हा निविदेत बोटीच्या किमतीबरोबर दहा वर्षांचे इंधन, बॅटरी, ऑइल आणि ते टाकाऊ ऑइल कुठे जाणार याचा खर्च मागावा आणि बेरीज पाहून ठेका द्यावा. टू-स्ट्रोक पेट्रोल मशीन जलाशयात उतरूच देऊ नये. चार्जिंग किनाऱ्यावरच्या सौर पॅनेलवरच असावे. आणि निदान निम्म्या बोटी ढिवरांच्या मच्छीमार सोसायट्यांना, सरकारी हमीच्या कर्जावर द्याव्यात. हे पाणी आणि त्यातला वारा त्यांच्याएवढा कोणाला कळत नाही.

आपल्या दैनिकाने तो तक्ता पुन्हा एकदा छापावा, या जास्तीच्या रकान्यांसह. हिशेबाची माझी वही दाखवायला मी तयार आहे. सध्या धान कापणीला आले आहे. नोव्हेंबरअखेर मळणी आटोपली की मी मोकळा असतो, कोणी बोलावले तर पवनी, भंडारा किंवा नागपूर, कुठेही स्वतःच्या खर्चाने येईन. येताना त्या ढिवर पोरालाही सोबत आणीन.

आपला,
एक वाचक
(निवृत्त इंजिनरूम फिटर, ता. पवनी, जि. भंडारा)